जॉबरमामांना जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय जॉबरमामा,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलो की आपण ‘चहा सांग आणि विषय मिटव’ म्हणून मला गप्प करता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. माझ्या जुन्या स्प्लेंडरचा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) मी घरच्या अंगणात बदलला, हे कळल्यापासून शेळगीतील ओळखीचे गाडीवाले मला एकच प्रश्न विचारत आहेत: किती वाचले? गॅरेजने 3,800 रुपये सांगितले होते आणि माझे सगळे मिळून 2,900 रुपये गेले. शिवाय तीन रविवार खर्ची पडले आणि मधले दोन आठवडे कामावर जायला शेअर रिक्षा करावी लागली. एवढ्या हिशेबावर कोणी घरी इंजिन खोलू नये, असेच मी त्यांना सांगतो. पण माझ्या पदरात जे पडले ते या हिशेबात बसत नाही, आणि ते आपले देणे आहे.

हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) येणारा टकटक आवाज मी उन्हाळाभर ऐकत होतो. दोनदा टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घेतले, चार दिवसांत आवाज पुन्हा हजर. एका गॅरेजात तर झाकणही न उघडता ‘पूर्ण इंजिन खोलावे लागेल’ असे सांगण्यात आले, आणि त्या रागातच मी पाने विकत आणून बसलो. आपण मात्र लांब पेचकसाचे टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून क्षणभर ऐकले आणि म्हणालात, ‘आवाज वरचाच आहे. पण रागाने पाना उचलायचा नाही. आधी प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर काढ.’ तो पुठ्ठा, त्यात जागच्या जागी खोचलेल्या बोल्टांसह, अजून माझ्याकडे आहे.

कॅम बाहेर आला तेव्हा आपण तो पुसून उन्हात धरलात. एका लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्याच्या) नाकावरचा चकचकीत थर खवल्यासारखा निघाला होता आणि खाली करडा, खडबडीत भाग दिसत होता. दोष कोणाचा, हे विचारायची गरजच उरली नाही. ज्या इंजिनात लिटरभरही तेल मावत नाही, त्याचे तेल मी ‘पुढच्या पगाराला बदलू’ म्हणत ढकलत आलो होतो, तेही सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या मे महिन्यात. आणि सुरू केल्यावर तेल सर्वांत उशिरा पोहोचते ते याच वरच्या भागात. रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे दोन दांडे, मात्र मला वाचवायचे होते, कारण डोळ्यांना ते ठीक दिसत होते. आपण माझे बोट धरून नख त्यांच्या घासणाऱ्या तोंडावरून फिरवले, तेव्हा मधोमध पडलेली खाच लागली. ‘जुना रॉकर नव्या कॅमला महिन्यात खाईल,’ एवढेच बोलून आपण ते दोन्ही बाजूला ठेवले.

कॅमचे टायमिंग मला समजावून सांगितले ते आपल्या यंत्रमागाच्या उदाहरणाने. आयुष्यभर यंत्रमागावर जॉबरकी (माग जुळवून, दुरुस्त करून देण्याचे काम) केलेल्या माणसाला मोटारसायकलच्या इंजिनात काय कळणार, असे मला वाटत होते, हे आज कबूल करतो. आपण सांगितलेत की मागाच्या क्रँकच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत खालच्या शाफ्टची एकच फेरी होते, कारण धोटा (आडवे सूत नेणारी शटल) एका फेरीत इकडून आणि पुढच्या फेरीत तिकडून फेकायचा असतो. आणि त्या शाफ्टवर जे कॅम बसतात त्यांनाही टॅपेटच म्हणतात. इंजिनातही तेच गणित आहे. चार स्ट्रोकला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह त्यात एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅम निम्म्या वेगाने फिरतो. मागाचे टायमिंग चुकले तर धोटा ताण्यात (उभ्या सुतात) अडकून तारांचा सत्यानाश होतो. इथे चुकले तर इंजिन सुरू होत नाही, ओढत नाही, किंवा वाईट दिवस असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. पुस्तिकेतील आकृती मी चार वेळा पाहिली होती, पण ती कळली त्या संध्याकाळी.

आणि तरीही मी चुकलोच. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची, खूण जुळवली, कॅमच्या गिअरवरची खूण हेडच्या खुणेसमोर आणली, बोल्ट आवळले आणि किक मारायला पाय उचलला. आपण हात आडवा घातलात. क्रँक पान्याने, हाताने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायला लावलात आणि पुन्हा ‘टी’वर थांबवलेत. गिअरची खूण एक दात मागे उभी होती, कारण कॅमची चेन बसवताना तिचा ढिला भाग मी चुकीच्या बाजूला राहू दिला होता. गिअरला तीस दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे 12 अंश आणि क्रँकचे 24, हा हिशेब आपण काडीने मातीत मांडून दाखवलात. दुसऱ्या खेपेला खुणा जुळल्या, दोन्ही रॉकर हाताला किंचित ढिले लागले आणि मगच किक मारायची परवानगी मिळाली.

गॅरेजवाल्यांबद्दलचा माझा राग आपण उतरवलात, त्याचे आभार निराळे. हेड टेबलावर पोर्टाचे (व्हॉल्व्हमागच्या वाटेचे) तोंड वर करून आपण त्यात थोडे पेट्रोल ओतले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेने ते पाझरताना दाखवले. मी लगेच घासायची पेस्ट शोधू लागलो. आपण हेड जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या हातात दिले आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कापायला दुकानात पाठवले. ज्या कामाला यंत्र लागते ते यंत्रवाल्याकडेच द्यायचे, त्याच्या मजुरीत त्याने बिघडवून शिकलेली सगळी हेड धरलेली असतात, असे आपले म्हणणे होते. माझ्या भावाने लगेच उत्साहात स्वतःच्या चारचाकीचे काम काढले, तेव्हा त्यालाही आपण थांबवलेत, कारण तिथे कॅमच्या कॅप ठरलेल्या क्रमाने आणि मोजून आवळाव्या लागतात, तसा जोर मोजणारा पाना आपल्या दोघांकडेही नाही. मला मनगटाच्या जोरावर आवळायला शिकवणारा माणूसच हे सांगत होता, म्हणून त्याने ऐकले.

गाडी आता रोज होटगी रस्त्याने कामावर जाते. कानाला सवय नसल्यामुळे पहिले दोन दिवस सिग्नलला इंजिन बंद पडले की काय, असे वाटत होते.

एक कबुली राहिली. आपल्या फिलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाचे) 0.05 मिलिमीटरचे पान माझ्या हातून दुमडले आहे आणि ते न सांगता मी गेज परत केला होता. नवा आणला आहे. टॅपेट एकदा पुन्हा तपासायचे आहेत आणि इंजिन थंड हवे, म्हणून रविवारी सकाळी सातला गाडी ढकलत आपल्या दारात आणतो. चहा मीच सांगेन.

आपला आज्ञाधारक,
स्प्लेंडरवाला शेजारी