हात खाली ठेवणाऱ्या पोरीच्या कोचना

सर,

सप्रेम नमस्कार.

चार लोकांनी वाचावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. पोर जिल्ह्याच्या बॉक्सिंग स्पर्धेत हरली की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. मामा म्हणाला, पंचांनी पार्शलिटी केली. आजी म्हणाली, नाक शाबूत आहे ना, मग बास झालं. तुम्ही धीरही दिला नाहीत आणि रागावलाही नाहीत. रविवारी बोलावलंत, लॅपटॉप उघडून 7 एप्रिल 2001 ची लास व्हेगासची नसीम हमेद विरुद्ध मार्को अँटोनियो बरेरा ही लढत लावलीत आणि मलाही शेजारी बसवलंत. त्याबद्दल आधी आभार, कारण तोवर मला बॉक्सिंग म्हणजे नुसती मारामारीच वाटायची.

नसीम हमेद. शेफील्डमध्ये येमेनी आईबापांच्या पोटी जन्मलेला, त्या रात्रीपर्यंत 35 लढती खेळून एकही न हरलेला. त्यातल्या 31 त्याने पंचांवर गुण मोजायची वेळच न आणता, आधीच संपवलेल्या. दोन्ही हात कमरेशी, हनुवटी उघडी, चेहऱ्यावर ‘मार की’ असं हसू. समोरचा ठोसा टाकणार तेवढ्यात हा कमरेतून मागे झुकायचा आणि भलत्याच कोनातून डावा हात आणायचा. आमच्या बाईसाहेब कुठून शिकल्या ते मला तेव्हा कळलं!

तुम्ही ‘बघा, हात खाली ठेवला की असं होतं’ म्हणून मोकळे झाला नाहीत, हे मला फार आवडलं. ही शैली कुठून आली ते आधी सांगितलंत. शेफील्डच्या विन्कोबँकमधली हमेदचे कोच ब्रेंडन इंगल यांची जिम, जमिनीवर रंगवलेल्या रेषा, त्या रेषांवर पोरांकडून तासन् तास घोटून घेतलेलं पायांचं काम. म्हणजे हात खाली ठेवायची चैन पायांच्या जिवावर चालायची. हमेद आणि इंगल 1998 च्या सुमारास वेगळे झाले, हातांच्या दुखापती मागे लागल्या, पण ठोसा इतका जबर की जिंकणं चालूच राहिलं. त्याच्या आधीच, 1997 मध्ये न्यूयॉर्कला केव्हिन केलीने त्याला तीनदा खाली पाडलं होतं, तरी चौथ्या फेरीत हाच जिंकला. तुमचं त्यावरचं वाक्य लेकीने वहीत लिहून ठेवलंय: ‘तो त्या दिवशी हरला असता तर बरं झालं असतं.’

मग बरेरा. मार्को अँटोनियो बरेराने त्या रात्री काही जगावेगळं केलं नाही. गार्ड वर, म्हणजे हात चेहऱ्यासमोर, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चालू, आणि हमेदच्या डाव्या हातापासून लांब, सतत स्वतःच्या डावीकडे सरकणं. दर वेळी तुम्ही चित्र थांबवून त्याचा डावा पाय दाखवायचात, हमेदच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडलेला. कबड्डीत मुरलेला बचावपटू चढाईपटूला आत येऊ देतो, तसा तो थांबायचा. हमेद उडी घेऊन आला की त्याचे पाय जागेवर नसायचे, आणि नेमका तेव्हा डावा हुक, बाजूने वळून येणारा ठोसा. बाराव्या फेरीत बरेराने त्याचं डोकं कोपऱ्याच्या गादीवर आपटलं, एक गुण गेला, तरी तिन्ही पंचांनी निकाल त्याच्याच बाजूने दिला.

त्यानंतर हमेद फक्त एकदा रिंगमध्ये उतरला, मे 2002 मध्ये. जिंकला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी संपला. एका पराभवाने संपला असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, सर. पराभवाने फक्त उघडं पाडलं. आतून तो आधीच पोखरला गेला होता.

पण तुम्ही खरा मुद्दा शेवटी काढलात. बरेरा स्वतःही त्याआधी हरलेला होता! 1996 मध्ये ज्युनियर जोन्सने त्याला लोळवलं, 1997 मध्ये परत हरवलं. तोवर तो पुढे घुसून हाणामारी करणारा. लोकांनी त्याला मोडीत काढलेलं. लास व्हेगासचा शांत, मोजूनमापून खेळणारा बरेरा त्या दोन पराभवांनंतर घडला. हे ऐकल्यावर लेक खुर्चीत सरळ बसली. दोन दिवस ती माझ्याशीही धड बोलत नव्हती, पण तिथे तिने पहिला प्रश्न विचारला: ‘मग मी हात वर घेऊ का?’

तुम्ही म्हणालात, ‘हात राहू दे. आधी पाय दाखव.’ आणि खडूने फरशीवर रेघ मारलीत.

एखाद्या कोचने तिची खोडच मोडली असती. ती गप्प ऐकून, महिन्याभरात दुसरीच कुणीतरी होऊन रिंगमध्ये उतरली असती, किंवा उतरलीच नसती. तिचं खेळणं तिच्याकडेच ठेवून त्यात काय कच्चं आहे तेवढं दाखवलंत, याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. फीचा विषय काढला तर तुम्ही चिडता, म्हणून तो काढत नाही.

आता घरच्या फरशीवरही खडूच्या रेघा आहेत, आणि आजी त्यांना पाय लागू न देता चालते. लेकीचा एक निरोप आहे. बरेरा 2003 मध्ये सॅन अँटोनिओला मॅनी पॅकियाओकडून हरला, ती लढत तिला बघायचीय. ‘जिंकलेली नको, हरलेलीच लावा,’ असं सांगितलंय. रविवारी जमेल का?

आपली,
एका विद्यार्थिनीची आई