योर्ग श्लाइख यांच्याविषयी

प्रिय मोहन,

सप्रेम नमस्कार.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना कोणाची कारकीर्द सांगावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ती जर्मनीतील श्टुटगार्टचे प्राध्यापक योर्ग श्लाइख यांची सांगावी, कारण जिथे बांधायचे त्या देशाचे साहित्य आणि तिथल्या माणसांचे कसब पाहून रचना करणारा इतका मोठा अभियंता मला दुसरा माहीत नाही.

१९३४ साली श्टुटगार्टजवळच्या श्टेटेन गावी त्यांचा जन्म झाला. शाळेच्या वयातच ते सुतारकाम शिकले होते, आणि लाकडाचा सांधा हाताने बसवलेला असल्यामुळेच सांध्याविषयीची त्यांची समज पुढे इतकी पक्की राहिली असावी, असे मला नेहमी वाटते. श्टुटगार्ट, बर्लिन आणि अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शिकून ते नामवंत पूल-अभियंते फ्रिट्झ लेओनहार्ट यांच्या कार्यालयात रुजू झाले, आणि १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी उभारलेल्या, पोलादी तारांच्या जाळ्यावर तोललेल्या प्रचंड छताच्या कामाची धुरा त्यांनी वाहिली. १९७४ साली ते श्टुटगार्ट विद्यापीठात लेओनहार्ट यांच्याच जागी प्राध्यापक झाले.

मुलांना मात्र तू आधी कोलकात्याचा विद्यासागर सेतू सांग. हुगळीवरील या तारपुलाचा, म्हणजे मनोऱ्यांपासून निघालेल्या तिरप्या तारांनी तोललेल्या पुलाचा, मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधले अंतर) ४५७ मीटरचा आहे. आपल्याकडे त्या काळी मिळणाऱ्या पोलादाच्या वेल्डिंगवर एवढ्या मोठ्या पुलासाठी विसंबता येत नव्हते. रिव्हेट मारण्याची, म्हणजे तापवलेल्या जाड खिळ्यांनी पोलादी भाग जोडण्याची, परंपरा मात्र जवळच्याच हावडा पुलावर सिद्ध झालेली होती. श्लाइख यांनी परदेशी पोलादाचा आग्रह न धरता पुलाचा पोलादी सांगाडा रिव्हेटने जोडण्याजोगा आखला आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब घेऊन दोन्हींकडून एकत्र काम करून घेतले. युरोपात तोवर मागे पडलेली पद्धत स्वीकारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या गणितांहून मोठी वाटते. काम फार रेंगाळले आणि पूल १९९२च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला.

गरीब देशांना स्वस्त वीज मिळावी, ही तळमळ त्यांनी आयुष्यभर बाळगली. स्पेनमधील मान्सानारेस येथे काचेसारख्या पारदर्शक छपराखाली हवा तापवून ती सुमारे १९५ मीटर उंच धुराड्यातून वर जाऊ द्यायची आणि त्या झोतावर टर्बाइन फिरवायचे, असा ५० किलोवॅटचा प्रयोग त्यांनी १९८२ पासून चालवला. १९८९च्या वादळात धुराडे कोसळले, तरी त्या कल्पनेवरील त्यांचा विश्वास ढळला नाही.

तुझ्या अभ्यासक्रमाशी थेट जोडलेला भाग काँक्रीटच्या रचनेतील स्ट्रट-अँड-टाय (दाब घेणारे आणि ताण घेणारे दांडे) पद्धतीचा. कोपरे, भोके, आधार अशा ठिकाणी तुळईचा नेहमीचा सिद्धांत लागू पडत नाही. तिथे काँक्रीटमधून दाब कुठून वाहतो आणि सळयांनी ताण कुठे घ्यायचा, हे त्रिकोणांच्या सांगाड्यासारखे आखून पाहायचे. रिटर आणि म्योर्श या आधीच्या अभियंत्यांच्या जुन्या विचाराला श्लाइख यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली सर्वत्र वापरता येईल असे सुसंगत रूप दिले. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी मुलांना एखादा कॉर्बेल (खांबातून बाहेर काढलेला आखूड आधार) या रीतीने कागदावर काढायला लाव. सळई कुठे हवी हे त्यांना आपोआप दिसेल.

२०२१ साली श्लाइख गेले. तुझे व्याख्यान ठरले की तारीख कळव, पुलाचे काही आराखडे पाठवतो.

तुझा,
अनंत