वेरावळला येतेय, बडोद्याला नाही

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, आणि तिन्ही वेळा बाबांच्या मोतीबिंदूवरच बोलत बसले. म्हणून लिहितेय. सौराष्ट्रच्या किनाऱ्यावर, वेरावळला समुद्रातल्या संशोधनाचं काम मिळालंय, त्याला मी परवा होकार कळवला. तीन वर्षांचं काम आहे, दसऱ्यानंतर पुण्याहून निघू.

बडोद्याच्या कॉलेजातली शिकवायची नोकरी नाकारली याचं तुम्हाला वाईट वाटणार, माहितेय. तुमच्या घरापासून दहा मिनिटं, चिकू शाळेतून थेट आईजवळ. मलाही तेच हवं होतं गं. पण तिथे बेडूक फाडायला शिकवत राहिले असते आणि समुद्र कायमचा सुटला असता. पाच वर्षं घरी होते. मागच्या एका मुलाखतीत प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर, एक प्रश्न आला आणि मुलाला कोण सांभाळणार यावर चार. यावेळी केंद्र सरकारच्या वाइज-किरण योजनेतून फेलोशिप मिळालीय, ती खंड पडलेल्या बायकांना संशोधनात परत आणायलाही आहे. तिथल्या कामाच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच फोनवर सांगितलं, बोटीवर एकटी बाई कधीच पाठवत नाही, दोघी तरी असतात. बोटीवर बाथरूम नसते, म्हणून फेऱ्याही संध्याकाळी परत येणाऱ्या ठेवल्यात. आई, तुझी खरी काळजी हीच होती ना?

काम व्हेल शार्कचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाचं. डाव्या कल्ल्यामागच्या ठिपक्यांचे फोटो काढायचे. प्रत्येकीची नक्षी वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. पूर्वी यकृताच्या तेलासाठी त्यांना मारायचे. २००१मध्ये कायद्याने शिकार बंद झाली. २००४मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तेव्हापासून ती 'व्हाली', म्हणजे लाडकी. आता जाळ्यात सापडली तर कोळी स्वतःचं महागाचं जाळं कापून तिला सोडतात, भरपाई वनखातं देतं. हे वाचलं त्या रात्री मला तुम्हा दोघांची फार आठवण आली.

बाबा, अदिती पंत १९८३ साली अंटार्क्टिकाला निघाल्या ते तुम्हीच मला सांगायचात. समुद्र शिकलेली बाई बर्फापर्यंत जाते, म्हणायचात. मी तर एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

चिकूची काळजी नको. संकेत घरूनच काम करणार आहे. घर तळमजल्यावर घेतलंय, बाबांच्या गुडघ्यांसाठी. कमोड आहे, गिझर आहे, आईच्या देवांसाठी पूर्वेचा कोनाडा आहे. थंडीत महिनाभर यायचंच, सोमनाथ जवळच आहे.

ऑपरेशनला मी आठ दिवस येतेय, तारीख ठरली की लगेच कळवा. तोवर बाबांनी संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही. दांडिया बाजारात चालत जा किंवा रिक्षा करा. आई, साखर तपासून वहीत लिही, 'बरी आहे' हा आकडा नाही. आणि उरलेला भात रात्री तू संपवायचा नाहीस. रागावू नकोस, मला दुरून एवढंच करता येतं.

विसर्जनानंतर सूरसागरच्या काठावर धापा टाकणारा मासा मी शाळेच्या डब्यात घालून आणला होता, आठवतं? ओरडली नाहीस. बादली भरून दिलीस आणि शेजारी पाट टाकून मला बसवलंस. सकाळी तो मेलेला होता, बाबांनी जास्वंदीखाली पुरला. तुम्ही दोघांनी त्या दिवशी मला शाळेत पाठवलं नाही.

तो डबा अजून माळ्यावर असेल तर काढून ठेव. चिकूला हवाय.

तुमची,
मनू