कुणाकडे जास्त असलं तर आपलं काय जातं?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विषय निघाला आणि अर्ध्यावरच राहिला. फोन तुझ्या आईच्या हातात गेला की जेवण, झोप आणि केस कापलेस का, यापुढे बोलणं जात नाही. म्हणून हे सवडीने लिहितोय. तुझं म्हणणं असं, की गरिबी वाईट, ती हटवा. पण विषमतेचं काय घेऊन बसलात? एखाद्याकडे हजार कोटी असले म्हणून आपल्या ताटातली भाकरी कमी होते का?

यातलं निम्मं मला पटतं. ७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या आणि सुकडी मिळेल म्हणून आम्ही पोरं त्यांच्या मागे. घरी मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही. आज गावात कुणावर तशी वेळ नाही. तेव्हा सगळेच सारखे उपाशी होते म्हणून तो काळ बरा होता, असं कुणी म्हणालं तर मी त्याला दारात उभा करणार नाही. आणि कुणी पैसा मिळवला तर माझ्या पोटातही दुखत नाही. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या गलाईच्या धंद्यावर देशभर पांगली, भट्टीपुढे, ॲसिडच्या धुरात आयुष्य काढून त्यांनी पैसा केला, गावी माड्या बांधल्या. बांधाव्यातच.

पण भाकरीचं म्हणशील तर गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीच्या दप्तरात उभी हयात घालवलेला माणूस आहे मी. कुणाचं वाढतं आणि कशाने वाढतं, ते कागदावर पाहिलंय.

पीककर्जाचंच बघ. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं, व्याज सरकार सोसतं. योजना चांगली. आता वसुलीच्या दिवसांत काय होतं? मोठा द्राक्षबागवाला बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून दर चढायची वाट बघू शकतो. तो मुदतीच्या आत हसत येतो, भरणा करतो आणि लगेच नवं कर्ज उचलतो. त्यातले काही महाभाग तेच पैसे तसेच ठेव पावतीत टाकतात. बिनव्याजी घेतलं, व्याजाने ठेवलं, रानात रुपया गेला नाही. कागद सगळे चोख, त्यामुळे मला बोलायला जागा नसायची. एक एकरवाल्याला मात्र त्याच महिन्यात पैसे लागतात, म्हणून तो निघेल त्या भावाला सौद्यात माल काढतो. अवकाळीने झोडपलं असेल तर काढायला मालही नसतो. मग नवं-जुनं करण्यासाठी, म्हणजे जुनं फेडून नवं उचलण्यासाठी, चार दिवसांपुरते म्हणून बाहेरून पैसे आणायचे. त्या चार दिवसांचा दर महिन्याला शेकडा पाच. एकदा थकबाकीत गेला की त्याला शून्य टक्के बंद. सवलत काढली कुणासाठी आणि मुरली कुठे, ते तूच बघ.

आता पाणी. बोअरला पैसे पाठवतो म्हणालास, ते पाठवू नकोस. आपल्या ओढ्याकडच्या शिवारात विहिरी सात-आठ परस, म्हणजे सात-आठ पुरुष खोल. ज्याच्या गाठीला पैसा होता त्याने आठशे फुटांचा बोअर मारला. रात्रीत गाडी आली, सकाळी रानभर पांढरा राडा पसरलेला. त्यानंतर शेजारच्या विहिरी उन्हाळ्यात तासभरसुद्धा चालेनात. ६० मीटरच्या खाली जायला बंदी घालणारा भूजल कायदा २००९ चा आहे, पण गाडीवाल्याला तो कुणी वाचून दाखवलेला नाही. ज्याची विहीर आटली त्याने बागेला टँकर घातले, त्यासाठी कर्ज काढलं, तरी बाग वाळली. मग द्राक्षवेली चढवायच्या तारा आणि अँगल विकले. शेवटी रान विकलं, आणि घेतलं कुणी? बोअरवाल्यानेच. फेरफाराचा कागद मी वाचलाय. ही भाकरी कुणाच्या ताटातून कुणाच्या ताटात गेली, सांग मला. आणि तुझ्या पैशाने आपण आठशेवर हजार फूट मारायचे, तर आपल्या खालच्या अंगाला कोण आहे तेही तुला ठाऊक आहे.

दुसरी वाट आपल्याच जिल्ह्याने दाखवलीय. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधायला घेतलं. नदीतली थोडी वाळू विकून त्यासाठी पैसा उभा केला, आणि ठरवलं काय, तर पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यायचं. भूमिहीनालाही वाटा. आटपाडीच्या पाणी परिषदांमधून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकरांनी समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी लावून धरली. आपल्या ओढ्यावर एवढं मोठं काही होणार नाही. पण आम्ही चौघांनी मिळून कॅनॉलवरून एक पाइपलाइन आणायचं चाललंय. पैसे द्यायचे तर त्यात दे.

हे झालं गावापुरतं. देशाचं चित्र मी पेपरातच वाचतो. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या अभ्यासात २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. तू म्हणशील, आकड्यांवर वाद आहेत. असतील. चाळीसचे तीस धर. बोअरवाल्याने फार तर तालुक्याचा एखादा साहेब खिशात घातला असेल. इतका पैसा असणाऱ्याला कायदा मोडायचीसुद्धा गरज पडत नाही, तो कायदा लिहिताना शेजारी बसू शकतो. आपल्या सहकारात शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच, हा नियम उगाच केलेला नाही. आता तिथेही ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या फडात उतरते ते सगळ्या गावाला माहीत आहे, पण निदान मत तरी एकच आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते शाळेचं. तू झेडपीच्या शाळेत होतास तेव्हा तुझ्या वर्गात दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मुलगा होता, सरपंचांची पुतणी होती आणि आपल्या बागेत डिपिंग करायला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, येणाऱ्या गड्याची मुलगीही होती. पोषण आहाराच्या तांदळात एकदा किडे निघाले, तेव्हा डॉक्टर स्वतः पंचायत समितीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पोती बदलली. आज पिवळ्या बसेस सकाळी सातला येतात आणि ज्याला फी परवडते त्याचं पोर घेऊन जातात. शाळेत उरली ती शेवटच्या गड्यांची पोरं. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार निखळलेलं आहे, पाऊस दोनदा येऊन गेला, पण त्या आईबापांनी कुठल्या साहेबाकडे जायचं, आणि गेले तर खुर्ची कोण देणार? त्याच गावात देवळाला नवा कळस चढला, देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरली. देणारे वाईट नाहीत. त्यांच्या घरचं कुणी त्या शाळेत जात नाही, एवढंच. फार वर चढलेल्या माणसाला सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, एसटी यातलं काहीच लागत नाही, आणि मग ते बिघडलं तर ओरडणारं माणूस राहत नाही. दहा-वीस टक्क्यांच्या फरकाने असं होत नाही रे, माणसं दिसेनाशी होतील इतका फरक पडला की होतं.

याच्या उलट झालेलंही मी पाहिलंय. तुझ्या पगारातून दरमहा २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात, फेब्रुवारीत ३००. मागे चिडला होतास त्यावर. तो कुठून आला ते ऐक. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी आधी आपल्या तासगाव तालुक्यात विसापूरच्या बाजूला करून पाहिली. ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. दिल्लीचा तसा कायदा २००५ ला आला, म्हणजे आपल्यानंतर. आणि पैसा? त्यासाठी १९७५ ला व्यवसाय कर आला. मुंबईचा कारकून आणि गिरणीतला कामगार पगारातून भरणार, खडी फोडणारी बाई मजुरी घेणार. त्या खडीवर हजेरीपटात मेलेल्या माणसांची नावं घालणारे मुकादमही होते, ते मी नाकारत नाही. पण शहराने खेड्याचं पोट भरलं, हे खरं आहे.

त्यातली मेख अशी की घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा आहे, १९८८ पासून तीच. तुझ्या कंपनीचा सर्वात मोठा साहेब तुझ्या शंभरपट घेत असेल, तोही २५०० च भरतो. वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर १९५३ पासून कर होता, तो १९८५ ला गेला. संपत्ती कर १९५७ चा, तो २०१५ च्या बजेटमध्ये गेला. वसुली थोडी आणि कटकट फार, असं कारण दिलं. ते खोटंही नव्हतं. तरी माझं मत विचारशील तर शेकडो कोटींच्या वर जे पुढच्या पिढीला नुसतं जन्माने मिळतं, त्यावर कर परत यावा. पैसा दुबईला पळेल म्हणतोस, ती अडचण खरी आहे. वसुलीतली अडचण आम्हालाही होती, म्हणून आम्ही सोसायटी बंद केली नाही.

आपल्या तीन एकरांवर असला कर कुणी लावणार नाही, घाबरू नकोस. पण जन्माने मिळण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तायडीने हक्कसोड, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, करून द्यावं, असं भावकीतले दोघेतिघे सुचवून गेले. तुझ्या आत्यांनी दिलं तसंच. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीचा वाटा बरोबरीचा आहे, आणि मी हक्कसोड घेणार नाही. दीड एकर तिच्या नावे, दीड तुझ्या. विहीर सामाईक. वाटणीपत्र दस्त करायला तुम्ही दोघंही समोर लागाल. तिचे यजमान शनिवारी मोकळे नसतात, म्हणून कामाचा वार बघावा लागेल. तुला रजा कधी मिळते ते कळव.

तुझा,
आण्णा