बाबा, तुमचा हिशेब चुकला नव्हता

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

माळ्यावरचा लाल डबा, आपल्या दुकानातला नाणं टाकायचा फोन, मीच नेला. दिवाळीत आले होते तेव्हा जुन्या गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवला आणि कुणाला बोलले नाही. आईने फोनवर दोनदा विचारलं, "अगं, डबा उंदरांनी नेला की काय?" आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. आता कबूल करते. फोनवर सांगणार होते, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आई मध्ये बोलली की माझी गाडी रुळावरून उतरते. शिवाय पुढे एक गोष्ट अशी आहे की ती वाचताना तुम्ही दोघं एकमेकांसमोर बसलेले असावेत असं मला वाटतं.

डबा नेण्याचं कारण साधं आहे. वसतिगृहात पोरांना मोबाइल चालत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तरी घरी बोलायचं असतंच. आत्तापर्यंत ते माझ्या नाहीतर वॉचमनच्या मोबाइलवरून बोलायचे. त्यामुळे काय व्हायचं, तर रात्री अकराला कुणाची तरी आजी मला फोन करून विचारायची, "आमच्या बाळूने दूध घेतलं का?" कमिटीत एकदा मी वैतागून म्हणाले, आपण सार्वजनिक फोन लावू. सगळे हसले. एका सदस्याने तर विचारलं की असे फोन अजून असतात का. म्हटलं, माझ्या माहेरी माळ्यावर आहे एक.

जोडणी मी रीतसर सार्वजनिक फोन म्हणून घेतली. घरगुती लाइनीवर डबा लावून लोकांकडून नाणी घ्यायची नसतात, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं. अर्जात "व्यवसाय" या रकान्यात काय लिहू म्हणून पाच मिनिटं बसले होते. तुम्ही काय लिहायचा, "किराणा व दूरध्वनी" ना?

आता तांब्याची तार कुणी देत नाही. फायबर आली. भिंतीवर पांढरा मोडेम, त्याच्या मागे फोनची एक खाच, त्यात आपला डबा. रिसीव्हर उचलला, टोन आला, मला तर नाचावंसं वाटलं. पहिल्या पोराने घरचा नंबर फिरवला, पलीकडून "हॅलो, हॅलो" आलं, आणि डबा गप्प. बीप नाही, काही नाही. पोरगा इकडून ओरडतोय, पलीकडे त्याची आई "कोण आहे, बोला की" म्हणतेय.

बाबा, तुम्ही असता तर एका शब्दात सांगितलं असतं. रिव्हर्सल! आपला लाइनमन यायचा तेव्हा दर वेळी हाच शब्द ऐकायचे मी. पलीकडच्याने फोन उचलला की एक्स्चेंज लाइनीची उलटापालट करतं, अधिकचं उणं आणि उण्याचं अधिक होतं, आणि तेवढ्यावरून डब्याला कळतं की आता नाणं मागायचं. नाणं पडेपर्यंत आपला आवाज तो पुढे सोडत नाही. ती उलटापालट झालीच नाही, तर डब्याच्या लेखी पलीकडे घंटीच वाजतेय. तुमचा मल्टिमीटर लावून बघितलं. रिसीव्हर ठेवलेला असताना अठ्ठेचाळीसच्या आसपास व्होल्ट, उचलला की बरेच कमी, पण पलीकडून फोन उचलला तरी काटा उलटा फिरेना.

पुढचे अकरा दिवस तक्रार करण्यात गेले. आलेल्या पोरसवदा तंत्रज्ञांना मी "पोलॅरिटी रिव्हर्सल" म्हटलं की ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू मी पंचांगातलं काही विचारतेय. एकाने तर शांतपणे सांगितलं, "मॅडम, फोनच जुना आहे, नवीन घ्या." शेवटी हेल्पलाइनवर एक वयस्कर आवाज भेटला. मी शब्द उच्चारला आणि तो माणूस हसला. म्हणाला, कॉइन बॉक्स आहे का तुमच्याकडे? अजून? मोडेमच्या सेटिंगमध्ये ती सोय असतेच, फक्त बंद ठेवलेली असते. त्याने बसल्या जागेवरून चालू केली, दहा मिनिटंही लागली नाहीत. पुन्हा फोन लावला, पलीकडे उचलला, आणि डब्याने तीच आपली जुनी बीप दिली. बाबा, मी दुसरीकडे तोंड फिरवलं, पोरांसमोर बरं दिसलं नसतं.

विजेचं मात्र दुखणं आहे. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजकडूनच यायची. म्हणून तर पावसाळ्यात सगळ्या गावात अंधार असला तरी आपल्या दुकानात मेणबत्तीच्या उजेडात रांग असायची. फायबरमधून वीज येत नाही. दिवे गेले की मोडेम मेला आणि डबाही. मी मोडेमला एक छोटी बॅटरी जोडली आहे, संध्याकाळ कशीबशी निघते.

मग शून्याचा घोळ. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावायचा तर नंबराआधी शून्य लावावं लागतं. आणि आपला डबा पडला लोकलचा. शून्य दाबलं की त्याला वाटायचं, कुणीतरी लोकलच्या पैशात एसटीडी लावतंय, आणि तो लाइन तोडायचा. तुम्हीच तसं कुलूप घातलं होतं त्याला. ते काढायचं कसं, या विचारात रात्री झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला तुमच्या अक्षरातला कागद चिकटवलेला! कुठलं बटण दाबून धरायचं, कुठला आकडा म्हणजे कुलूप, कुठला म्हणजे वेळ, सगळं ओळीने. शाई पुसट झालीय पण वाचता येतं. शून्य मोकळं केलं, परदेशचं दुहेरी शून्य बंदच ठेवलं. वेळ तुमचीच ठेवली, रुपयाला तीन मिनिटं. फुकटच्या नंबरांत तुम्ही फक्त १०० आणि १०१ टाकले होते. त्यात मी ११२, १०८ आणि मुलांसाठीचा १०९८ घातला. नाणं नसलं तरी हे नंबर लागलेच पाहिजेत.

नाण्यांची गंमत तर आईला आवडेल. आपला डबा शिकलाय तो जुन्या रुपयावर, पंचवीस मिलिमीटर रुंद, पाच ग्रॅमला थोडा कमी. २०११ साली रुपया बावीस मिलिमीटरचा झाला, आणि त्यानंतर अंध व्यक्तींना ओळखता यावीत म्हणून २०१९ मध्ये जी नवी नाणी जाहीर झाली, त्यांतला रुपया वीसचा. हे दोन्ही डब्यात टाकले की खळ्ळकन परत बाहेर. उलट २०११ चं दोन रुपयांचं नाणं नेमकं जुन्या रुपयाच्या मापाचं आणि वजनाचं, ते डबा रुपया समजून आनंदाने गिळतो. दोन दिवसांत पोरांनी हे शोधून काढलं आणि मग कुणी दोन रुपये टाकेना, हुशार आहेत. मी काय केलं, ओळखीच्या दुकानदारांकडून आणि पोरांच्या घरांतून जुने रुपये गोळा केले. दोनशे जमले. ते ऑफिसात एका वाटीत असतात. पोरगा नवा रुपया देतो, जुना घेतो, डब्यात टाकतो, शनिवारी मी डबा उघडते आणि जुने रुपये परत वाटीत. तीच दोनशे नाणी फिरत राहतात. एक-दोन ओळखीचीही झालीत, एकाला कडेला खोच आहे, ते हमखास अडकतं. वाटीतून काढून टाकायला हवं, पण हात होत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आई, ही तुझी आहे, आणि बाबांना आज पहिल्यांदा कळणार आहे.

पहिल्या महिनाअखेरीला मी हिशेब केला, तुमच्यासारखाच. एका बाजूला डब्यातली नाणी, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या खात्यात दिसणारी कॉलची यादी. जुळेना. ज्या कॉलना नाणंच पडलं नाही असे सतरा निघाले. आपल्या इथे महिन्याचा ठरावीक आकार असल्यामुळे नुकसान काही नव्हतं, पण मला चैन पडेना. यादी उलगडली तर ते सगळे एकाच नंबरला, रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या आधी, आणि आठ ते दहा सेकंदांचे. म्हणजे पलीकडे उचललाय, डब्याने बीप देऊन नाणं मागितलंय, ते पडलं नाही म्हणून दहा सेकंदांनी लाइन तोडलीय.

बाबा, तुमची निळी वही आठवते? "नाणी", "युनिट", "फरक". २००२ सालची, मी आठवीत होते. फरक दर महिन्याला वीस-पंचवीस असायचा. फोन उचलला गेला की मीटर पडणारच, डब्यात नाणं असो वा नसो. तुम्ही म्हणायचा, एक्स्चेंजचं मीटर पळतंय. दोन अर्ज दिलेत. त्यांनी मीटर तपासून बरोबर आहे म्हणून लेखी कळवलं, ते तुम्ही कधीच मानलं नाहीत. त्या साहेबाशी तुम्ही नंतर देवळातसुद्धा बोलत नव्हता.

मीटर बरोबर होतं, बाबा. तुमचा हिशेबही बरोबर होता. दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात की आई गल्ल्यावर बसायची आणि मामाच्या घरचा नंबर फिरवायची. फोन आजीच उचलायची. "हॅलो. कोण बोलतंय? हॅलो." आई रिसीव्हर कानाला घट्ट लावून ऐकायची, डबा बीप-बीप करायचा, आणि लाइन तुटायची. मी पोत्यामागे अभ्यास करत असायचे. पुढे पुढे तर आजी "कोण" विचारेनाशी झाली. एकदा मी रिसीव्हरला कान लावला होता, आठवतं आई? ती नुसतं म्हणाली, "बरी आहे गं मी. औषध घेतलं." आणि डब्याने तोडलं.

मला इतकी वर्षं वाटायचं की तू रुपया वाचवत होतीस. आपल्या घरात तेव्हा रुपया मोठा होता.

तर परवा संध्याकाळी मी डब्याजवळ कपाट आवरायच्या निमित्ताने उभी राहिले. सहावीतला मुलगा आला, या वर्षीच आलाय. नंबर फिरवला, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, बीप झाली, तुटला. त्याने तो हळूच जागेवर ठेवला. मी विचारलं, "नाणं नाही का रे? वाटीतून घे." त्याने खिशातून जुना रुपया काढून दाखवला. म्हणाला, "आहे. पण बोलायला लागलो की रडू येतं, आणि मग आई पण रडते."

आई, गल्ला तर तुझ्याच हातात होता. हे मला परवापर्यंत सुचलं नव्हतं.

डब्यात अशीही सोय आहे की आधी नाणं टाकल्याशिवाय नंबरच लागू नये. तुमच्या कागदावर तो आकडाही आहे, पुढे "नको" असं लिहून खाली रेघ मारलीय. ते "नको" तुम्ही का लिहिलंत, ते मला कळवा. गिऱ्हाईक नाराज होतात म्हणून की आणखी कशासाठी? मी काही ती सोय चालू केलेली नाही. कमिटीला फक्त "नाणी कमी, कॉल जास्त, यंत्र जुने" एवढंच सांगितलंय.

बाकी ठीक. खोकला गेला. आईने पाठवलेली चटणी पोरांनी दोन दिवसांत संपवली. डब्यावर बाहेरून फोन येऊ शकतो, त्याला नाणं लागत नाही, पण रविवारी चार ते सहा करू नका, तेव्हा रांग असते.

खालच्या कप्प्याची दुसरी किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात असेल. ती पाठवा, इथे एकच आहे आणि ती हरवली तर मला डबा फोडावा लागेल. आणि जमलं तर ती निळी वहीही. मी नवी वही घातलीय, रकाने तुमचेच आखलेत. या महिन्याचा फरक एकोणीस आहे.

तुमची,
मंजू