‘चार्ज’ कसला? आरोपाचा, आकाराचा की बोज्याचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मथळा ‘आरोप निश्चित’ आणि खालची बातमी मात्र पोलिसांनी न्यायालयात आरोपपत्र दाखल केल्याची, असे मराठी दैनिकांत अधूनमधून दिसते. इंग्रजी बातमीत दोन्हीकडे ‘चार्ज’ असतो, आणि घाईत तो एकाच मापाने मोजला जातो. या दोन गोष्टींत मात्र अनेकदा काही वर्षांचे अंतर असते.

आरोपपत्र हे पोलिसांचे म्हणणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १७३) तपास संपल्यावर ते सादर होते. कोठडीतल्या आरोपीच्या जामिनासाठी ६० किंवा ९० दिवस मोजतात ते हे आरोपपत्र मुदतीत दाखल झाले का, हे पाहण्यासाठी. आरोप निश्चित करतो तो न्यायाधीश, दोन्ही बाजू ऐकल्यानंतर; सत्र न्यायालयात कलम २५१ प्रमाणे. त्याच्या आधीच्या पायरीवर, कलम २५० खाली, खटला चालवण्याइतका आधार नाही असे दिसले तर आरोपीला ‘डिस्चार्ज’ मिळतो. याला मराठीत दोषमुक्त करणे म्हणतात. पुरावे तपासून खटला संपल्यावर मिळते ती निर्दोष मुक्तता. दोषमुक्त झालेल्यावर नवा पुरावा आल्यास पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष सुटलेल्यावर, निकाल अपिलात फिरला नाही तर, त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. त्यामुळे या दोन शब्दांची अदलाबदल झाली की बातमी चुकतेच, शिवाय एखाद्या माणसाच्या नावाशी खेळ होतो. (दवाखान्यातला डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणे आणि धरणातला म्हणजे विसर्ग, हे मात्र सगळे बिनचूक लिहितात.)

या शब्दाचे मूळ उत्तर-लॅटिनमधल्या ‘कारिकारे’त, म्हणजे गाडीत माल लादणे. ‘कार’, ‘कॅरी’ आणि ‘कार्गो’ही त्याच गाडीतून आलेले. ओझे हा अर्थ धरला की बाकीचे आपोआप उलगडतात: अधिकाऱ्यावर लादला तो कार्यभार, जमिनीवर चढला तो बोजा, ग्राहकावर बसला तो आकार, माणसावर ठेवला तो आरोप. कार्यभार, प्रभार, बोजा या मराठी शब्दांतही ओझेच आहे. अडचण एवढीच की ‘भार’ आपण ‘लोड’साठीही वापरतो. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये असतो. तो लोड आहे, चार्ज नव्हे. भौतिकशास्त्रातल्या चार्जसाठी शालेय पुस्तकांतला ‘प्रभार’ म्हणूनच बरा.

वीजबिलाचा घोळ आणखी मोठा. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार असतात. ही वीजपुरवठ्याची किंमत. त्याखाली ‘वीज शुल्क’ असते, घरगुती ग्राहकांना १६ टक्के. हा राज्य सरकारचा कर आहे, इंग्रजीत ‘ड्यूटी’. स्थिर आकार वाढल्यावर ‘वीज शुल्कात वाढ’ असे छापले की वाचक सरकारने कर वाढवला असे समजतो. ‘चार्ज’ म्हणजे शुल्क असे सरसकट समीकरण इथे चालत नाही.

मोबाइलच्या जाहिरातींतही हीच गफलत. ५,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा ‘पॉवर’चा नाही, प्रभाराचा आहे: ५ अँपिअर गुणिले ३,६०० सेकंद, म्हणजे १८,००० कूलोम. ऊर्जा हवी असेल तर व्होल्टेजने गुणावे लागते, ३.८५ व्होल्टला ती सुमारे १९ वॅट-तास भरते, म्हणजे एका युनिटचा पन्नासावा हिस्सा. आणि ‘चार्ज’ केलेल्या बॅटरीत जादा प्रभार साठत नाही. साठते ती रासायनिक ऊर्जा.

सातबाऱ्यावर चार्ज म्हणजे बोजा, ‘इतर हक्कां’त नोंदलेला. कर्ज फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो आणि फेरफार मंजूर झाल्यावरच नोंद निघते. बँकेच्या इंग्रजी पत्रातल्या ‘रिलीज ऑफ चार्ज’चे ‘शुल्कमाफी’ असे भाषांतर केले, तर पुढे फेरफाराला जायचे आहे हे शेतकऱ्याला कळायचे कसे?

कचेऱ्यांत ‘चार्ज दिला-घेतला’, ‘चार्ज यादी’ हे बोलीत रुळले आहे, ते राहू द्यावे. छापताना मात्र ‘प्रभारी’ जपून वापरावा. प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे तात्पुरते काम पाहणारे, तर पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी म्हणजे ठाण्याचे प्रमुख. ‘लाठीचार्ज’ला लाठीमार हा चांगला शब्द आहेच, त्याला ‘सौम्य’ हे विशेषण कोणी चिकटवले कोण जाणे.

भाषांतर करताना ‘चार्ज’च्या शेजारचा छोटा शब्द आधी पाहावा. पुढे ‘विथ’ आला तर बहुधा आरोप, ‘फॉर’ आला तर पैशांची आकारणी, मालमत्तेच्या संदर्भात ‘ऑन’ आला तर बोजा. सर्वांत फसवा आहे ‘द’. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे दुसऱ्याला सांभाळणारा. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याला दुसरा सांभाळतो तो. हा एक ‘द’ नजरेतून सुटला की बातमीत बाळ परिचारिकेला सांभाळू लागते.

आपले,
अनुवाद व मुद्रितशोधन करणारे काही वाचक, पुणे