तंत्रस्नेही शाळेतला टीव्ही आणि पाण्याचा थेंब

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षक दिनाच्या पुरवणीत 'तंत्रस्नेही', म्हणजे शिकवताना तंत्रज्ञान वापरणाऱ्या, शाळांवर आपण पूर्ण पान दिलंत. फोटो छान होते. फक्त सगळ्या फोटोंची मांडणी एकच होती: भिंतीवर मोठा पडदा, शेजारी हसरे गुरुजी नाहीतर बाई, आणि समोर मुलांच्या पाठी. ते पान मी आमच्या गुरुजींना दाखवलं. (शाळा दोन शिक्षकी आहे, तेव्हा स्टाफरूममधली चर्चा म्हणजे आम्ही दोघंच.) ते म्हणाले, "बाई, आपलाही असाच फोटो आहे की, 2016 चा."

खरंच आहे. 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव शाळा डिजिटल करायची लाट आली. आमच्याही वाडीनं वर्गणी काढली. कुणी पाचशे दिले, कुणी पायलीभर तांदूळ दिले. 40 इंची टीव्ही आला, नारळ फुटला, पेढे वाटले. टीव्हीबरोबर एक पेनड्राइव्ह मिळाला, त्यात पहिली ते चौथीचा अभ्यासक्रम चालत्या-बोलत्या चित्रांत. पंधरा दिवस मुलं खिळून बसली. सोळाव्या दिवशी ती त्या पेनड्राइव्हमधल्या ताईच्या आधीच तिची वाक्यं म्हणायला लागली, तीही तिच्याच नाकातल्या सुरात. पुढची काही वर्षं त्या टीव्हीवर एका पालकमाऊलीनं विणलेलं झाकण होतं आणि झाकणावर हजेरीपट.

या टीव्हीनं शाळेत पहिल्यांदा खरं काम केलं ते दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत, आणि तेही अपघातानं.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा पाऊस आपल्या वाचकांना सांगायला नको. घाटघर आणि रतनवाडीचे आकडे दर पावसाळ्यात पेपरात येतातच. त्या दिवशी तपासणी होती, म्हणून टीव्ही चालू करून ठेवला होता. पडद्यावर नुसतं पांढरं पान, कारण पेनड्राइव्ह सापडत नव्हता. तिसरीतला एक पोरगा खताच्या गोणीचा घोंगता करून आला. आत आल्या आल्या त्यानं घोंगता झटकला, वर कुत्र्यासारखं डोकं हलवलं. थेंब उडाले ते थेट टीव्हीवर. मी ओरडले. फडकं आणायला वळले, तेवढ्यात मागून दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पुसू नका. थेंबात रंग दिसत्यात."

बघितलं तर खरंच. पांढऱ्या पडद्यावर जिथं जिथं थेंब अडकला होता, तिथं तिथं आत लाल, हिरव्या, निळ्या बारीक पट्ट्या. थेंबाबाहेर पांढरं, थेंबात तीन रंग. पाच मिनिटांत तेवीसच्या तेवीस मुलं टीव्हीला नाक लावून उभी. एकानं निकाल दिला, "टीव्हीत पांढरा रंगच नाही! फसवतो तो!"

मला यातलं तेव्हा अर्धंच माहीत होतं. थेंब फुगीर असतो, त्यामुळे तो भिंगाचं काम करतो, एवढं सांगितलं. पट्ट्या कुठून आल्या याला "उद्या सांगते" म्हटलं. हे वाक्य मी तीस वर्षं वापरतेय, पण खरोखर रात्री बसून शोधायची वेळ क्वचित येते. त्या रात्री बसले. पडद्याचा प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन तुकड्यांचा असतो. तिन्ही सारखे उजळले की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत, पांढरंच दिसतं. (टीव्हीवर पाणी उडवायच्या भानगडीत कुणी पडू नये. मोबाईलच्या पडद्यावर बोटानं टिपकाभर पाणी ठेवलं तरी हेच दिसतं.)

दुसऱ्या दिवशी माझा जुना, काच तडकलेला फोन नेला. टेबलावर उताणा ठेवून त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि वरून बोटभर अंतरावर वस्तू धरायला सांगितल्या. अंतर जमेपर्यंत सगळं धूसर, जमलं की एकदम स्पष्ट. मुंगीचा पाय, मिठाचा चौकोनी खडा, भाताच्या पानाची करवत. भाताच्या पानानं हात का कापतात हे आवणीला (भाताच्या लावणीला) जाणाऱ्या मुलांना मी सांगायची गरज उरली नाही. पण खरा गोंधळ झाला तो पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून. पुस्तकातला आंबा थेंबाखाली धरला तर आंबा गायब, नुसते ठिपके. पिवळे, गुलाबी, मधूनच आकाशी आणि काळे. म्हणजे पुस्तकही फसवतं! मग चौथीतल्या एकीनं विचारलं, की टीव्हीचे रंग लाल-हिरवा-निळा आणि पुस्तकाचे वेगळेच, असं का? टीव्ही प्रकाश फेकतो, शाई प्रकाश गिळते, म्हणून दोघांची रंगांची कुटुंबं वेगळी, हे मला पुन्हा त्या रात्री समजलं. चौथीच्या अभ्यासक्रमात हे नाही. कुठल्या अध्ययन निष्पत्तीखाली (मुलाला काय यायला हवं, त्या ठरलेल्या यादीत) नोंदवायचं तेही मला कळलं नाही, म्हणून नोंदवलं नाही.

त्या आधी मी बारा तरी तंत्रस्नेही प्रशिक्षणं केली असतील. बहुतेकांत शिकवलं ते हे: ॲप कसं उतरवायचं, चाचणी कशी बनवायची, व्हिडिओला संगीत कसं लावायचं, शेवटी प्रमाणपत्र कसं डाउनलोड करायचं. ते उपयोगाचं नाही असं मी म्हणत नाही. पण बटण कुठलं दाबायचं हे शिकवायला दोन दिवस दिले जातात आणि ते का दाबायचं यावर बोलायला चहाची सुट्टीसुद्धा नसते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची मान ताठ झाली. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली, याचं तर मला बक्षिसाहूनही अप्रूप वाटलं. पण त्यांच्या कामातून आपण उचललं काय? पुस्तकावरचा क्यूआर कोड, फोननं टिपला की धड्याचं साहित्य उघडणारा. आज बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकावर तो आहे, 2017 पासून 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर साहित्यही भरपूर आहे. आमच्याकडे रेंज फक्त हापशापाशी येते, तो मुद्दा वेगळा. माझं म्हणणं असं, की तो कोड ही एका शिक्षकाला आपल्या वर्गातल्या अडचणीवर सुचलेली युक्ती होती. राज्यभर पोचली ती युक्ती. युक्ती सुचायला लागते ती मोकळीक काही पोचली नाही.

मोकळीक म्हणजे काय ते एका उदाहरणानं सांगते. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत हजेरी निम्म्यावर येते. पूर्वी मी चिडायचे. गेल्या वर्षी ठरवलं, की शेतावर जाणाऱ्या मुलांनी आजीला भाताच्या जातींची नावं विचारायची आणि घरच्या फोनवर आवाज टिपून आणायचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजारच्या मुलाला सोबत न्यायचं. काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी अशी नावं आली. एका आजीनं नावांबरोबर चुलत्यांच्या बांधावरचं भांडणही सांगून टाकलं, ते आम्ही वर्गात ऐकवलं नाही. देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. मुलांना त्या फोटोतून माहीत होत्या. आपल्या आजीकडेही त्याच विषयातलं काही आहे, हे त्यांना नवीन होतं.

मग ते आवाज ऐकून लिहून काढायचे होते. 'जिरवेल' ऱ्हस्व की दीर्घ, यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. शुद्धलेखनासाठी मुलं भांडताहेत हे दृश्य मी सेवेत पहिल्यांदा पाहिलं. तिसरीतली एक मुलगी वाचताना इतकी अडखळायची, की बाकीची हसायची. तिला मी आपल्या आजीची माहिती वाचून फोनवर टिपायला सांगितलं आणि बाहेर ओट्यावर पाठवलं. स्वतःचा आवाज ऐकून ती आधी म्हणाली, "ही मी नाहीच." मग तिनं ते पुसलं. पुन्हा टिपलं, पुन्हा पुसलं. मी खिडकीतून मोजत होते, नऊ वेळा. मी तिला एक उतारा नऊ वेळा वाच म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नसती.

एआयचंही सांगते, कारण हल्ली त्याशिवाय पत्र पूर्ण होत नाही. माझ्या भाच्यानं फोनमध्ये टाकून दिलं. मी एआयला कळसूबाईच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाची गोष्ट लिहायला सांगितली. मराठी अगदी गुळगुळीत, पण गोष्टीतला मुलगा सकाळी उठून 'बर्फाच्छादित शिखराकडे' पाहतो! ती गोष्ट मी फळ्यावर जशीच्या तशी लिहिली आणि चुका शोधायला सांगितल्या. 1646 मीटरच्या आमच्या डोंगरावर बर्फ कुठला? एक पोरगा उठून म्हणाला, "बर्फ लग्नात असतो बाई, सरबताला. राजूरवरून आणत्यात." एकूण अकरा चुका निघाल्या. मग मुलांनी तीच गोष्ट आपली करून लिहिली. त्यात करवंदं आली, काजवे आले, आणि एसटी न आल्यामुळे मुलगा दोन कोस चालला.

आता अडचण. यातलं काहीही करायला वेळ लागतो, आणि शिक्षकाच्या हातातल्या फोनला रोज दुसरीच कामं असतात. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, कुठल्याशा लिंकवर 'आज दुपारी दोनपर्यंत' भरायची माहिती, उपक्रमाचा फोटो, फोटोत बॅनर, बॅनरवर तारीख. निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांचं काम. परवा वर्गात फोन हातात घेतला तर पहिलीतलं पोर म्हणालं, "बाई, लिंक आली का?" लाज वाटली. वीज बिल थकलं म्हणून मीटर तोडल्यावर महिनाभर शाळा अंधारात होती. शेवटी आम्ही दोघांनी खिशातून भरलं. त्या महिन्यातही डिजिटल उपक्रमाचा फोटो मागवला गेला. टीव्ही बंद होता, फोटो चालू टीव्हीचा गेला. 2016 चा.

माझी मागणी मोठी नाही. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. तिथं अर्धा तास ठेवा आणि त्यात फसलेले प्रयोग सांगू द्या. सादरीकरण नको, फोटो नको, अहवाल तर नकोच. माझा स्वतःचा फसलेला आहे: बी रुजतानाचं चित्रण करायला फोन दोन दिवस खिडकीत ठेवला, आणि चित्रणात निघालं एका माकडाचं तोंड. दुसरं, आठवड्यातून एक दिवस तरी शाळेच्या वेळेत कुठलीही लिंक पाठवू नये. आणि शाळांचं वीज बिल परस्पर भरलं जावं. आपल्या पुरवणीला एवढंच, की पुढच्या वेळी छायाचित्रकाराला पडद्याच्या बाजूनं उभं करा.

पत्र इथं थांबवते, कारण मला अभ्यास आहे. टीव्हीत लाल, हिरवा, निळा एवढेच दिवे, तर मग गाण्यातल्या बाईचे केस काळे कशानं दिसतात, असं काल पहिलीतल्या पोरानं विचारलंय. मी "उद्या सांगते" म्हणून बसलेय.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. अकोले, जि. अहिल्यानगर

(नाव छापू नये ही विनंती. वर त्या फोटोचं लिहिलंय.)